भडगाव ते द्रौपदी घाट : अपंगत्व पेन्शनच्या अपिलाचा इतिहास

कजगाव हे भडगाव तालुक्यातलं रेल्वे स्टेशन. मुंबईहून निघालेला रूळ चाळीसगाव सोडून कजगाव, पाचोरा, जळगाव, भुसावळ असा जातो आणि इटारसी-जबलपूरमार्गे प्रयागराजला, म्हणजे जुन्या अलाहाबादला पोचतो. १८७० मध्ये मुंबई आणि कलकत्ता रुळांनी जोडली गेली ती याच वाटेनं. या वाटेवर अलाहाबादच्या द्रौपदी घाटाला लष्करी पेन्शन मंजूर करणारं संरक्षण लेखा खात्याचं कार्यालय आहे आणि मुंबईत आहे ते सशस्त्र बल न्यायाधिकरणाचं खंडपीठ. पहिल्या ठिकाणी नकार मिळाला तर दुसऱ्या ठिकाणी दाद मागता येते. मात्र ही दुसरी जागा २००९ नंतरची. त्याआधी कित्येक पिढ्या फौजेतून जायबंदी होऊन परतलेल्या माणसाकडे नकाराचा कागद असायचा, पण तो घेऊन जायला वेगळं न्यायाधिकरण नव्हतं.

नकाराची भाषा साधारण ठरलेली. आजार लष्करी सेवेमुळे झालेला नाही, सेवेमुळे वाढलेलाही नाही. मेडिकल बोर्डाच्या कागदावर हेच इंग्रजी आद्याक्षरांत ‘एनएएनए’ म्हणून उमटतं. कधी त्याला ‘प्रकृतीतलाच दोष’ अशी जोड असते. आता ज्याला भरतीच्या वेळी छाती-उंची मोजून, डोळे-कान तपासून, पळवून, धडधाकट म्हणून घेतलं, त्याच्या प्रकृतीतला दोष दहा वर्षांनी कुठून आला? अपंगत्व पेन्शनचा सगळा कज्जा या एका प्रश्नाभोवती फिरत आला आहे, आणि त्याचं उत्तर कुणी द्यायचं, जवानानं की सरकारनं, यावर निकाल फिरत आले आहेत.

जखमेची किंमत ठरवण्याची रीत महाराष्ट्राला नवी नाही. कृष्णाजी अनंत सभासदानं जिंजीत, राजाराम महाराजांच्या काळात बखर लिहिली. तिच्यात अफजलखानाच्या स्वारीनंतरचा, म्हणजे १६५९ चा हिशेब आहे. जखमी झालेल्यांना जखम पाहून दोनशे, शंभर, पन्नास, पंचवीस असे होन दिले गेले. पडलेल्यांच्या मुलांना चाकरीत घेतलं आणि मुलगा नसेल तर बायकोला निम्मं वेतन बांधून दिलं. पुढे पेशवाईत लढाईत पडलेल्याच्या घरच्यांना मिळणाऱ्या नेमणुकीला बालपरवेशी म्हणत. हे सगळं धन्याच्या मर्जीवर होतं, तरी जखम पाहणारा माणूस आणि रक्कम ठरवणारा माणूस यांच्यात हजार मैलांचं अंतर नव्हतं.

खानदेश १८१८ मध्ये इंग्रजांकडे गेला. सात वर्षांनी जेम्स औट्रम या तरुण अधिकाऱ्यानं धरणगावला ठाणं करून खानदेश भिल्ल पलटण उभी केली. कवायती फौजेची पगारी नोकरी या मुलखात अशी शिरली. फौज कंपनीची असो की राणीची, तिचं पेन्शन ही कृपा मानली जाई. १८७१ च्या पेन्शन कायद्यानं ते कलमातच लिहून टाकलं. सरकारनं दिलेल्या पेन्शनबद्दल दिवाणी कोर्टात दावा लावायचा नाही, तक्रार कलेक्टरकडे न्यायची, आणि कलेक्टरनं दाखला दिला तरच कोर्टानं ते प्रकरण हाती घ्यायचं. थोडक्यात, ज्या सरकारनं नाही म्हटलं त्याच सरकारच्या अधिकाऱ्यापुढे पुन्हा हात जोडायचे.

पहिल्या महायुद्धात हा प्रश्न एकदम मोठा झाला. एप्रिल १९१६ मध्ये मेसोपोटेमियातल्या कुत येथे जनरल टाउनशेंडनं शरणागती पत्करली, तेव्हा तुर्कांच्या हाती लागलेल्या फौजेत १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. त्यांचं डिव्हिजनच पुण्याच्या नावाचं. हात-पाय गमावलेले शिपाई मुंबईच्या बंदरात उतरू लागले आणि १९१७ मध्ये गव्हर्नरच्या पत्नी लेडी विलिंग्डन यांनी त्यांच्यासाठी क्वीन मेरी तांत्रिक शाळा काढली. ही संस्था आजही पुण्याजवळ खडकीला चालते. पुण्यातच १९४४ मध्ये कृत्रिम अवयव केंद्र सुरू झालं आणि १९७४ मध्ये, कमरेखाली लुळे पडलेल्या जवानांसाठी, खडकीचं पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र. म्हणजे कातडी पट्ट्यांचे पाय, चाकाची खुर्ची, सुतारकामाचं शिक्षण यांची सोय होत गेली. हक्काची सोय मात्र मागे राहिली.

ब्रिटननं आपल्या सैनिकांना १९१९ मध्येच पेन्शनचा कायदेशीर हक्क आणि अपिलासाठी स्वतंत्र न्यायाधिकरणं दिली. १९४३ मध्ये तिथं पुराव्याचं ओझंही उलटवलं गेलं. आजार नोकरीमुळे नाही, हे सिद्ध करायचं तर सरकारनं करावं. त्या अपिलांमधूनच एक असा निकाल आला, जो भारतातल्या खुनाच्या खटल्यांतही वारंवार उद्धृत होतो. ‘वाजवी शंकेपलीकडे’ म्हणजे नेमकं काय, याची न्यायमूर्ती डेनिंग यांनी १९४७ मध्ये केलेली फोड प्रसिद्ध आहे. ते प्रकरण फौजदारी नव्हतंच, मिलर नावाच्या सैनिकाच्या विधवेचं पेन्शन-अपील होतं. नवरा अन्ननलिकेच्या कर्करोगानं गेला होता. बाई ते अपील हरल्या.

स्वतंत्र भारतात १९६१ च्या लष्करी पेन्शन नियमावलीतला १७३ वा नियम या विषयाचा पाया झाला. आजारपण किंवा इजा सेवेमुळे झालेली वा सेवेनं वाढलेली असावी आणि अपंगत्व निदान २० टक्के भरावं, या दोन अटी. त्याला जोडून १९८२ चे हक्कनिश्चितीचे नियम आले, आणि हे नियम वाचले तर वाटतं, भांडण उरलंच कुठे? भरतीच्या वेळी कागदावर नोंद नसेल तर माणूस ठणठणीत होता असं धरायचं. दावा सिद्ध करण्याचं ओझं दावेदारावर टाकायचं नाही. वाजवी शंका असेल तर तिचा फायदा त्याला द्यायचा. सीमेवर, बर्फात, वाळवंटात नोकरी केलेल्याला हा फायदा आणखी सढळ हातानं द्यायचा.

व्यवहार वेगळा चालला. जवानाला तपासून टक्केवारी ठरवायचं मेडिकल बोर्ड. तिथून कागद जायचे पलटणीच्या रेकॉर्ड ऑफिसकडे आणि मग अलाहाबादला. तिथं बसलेला वैद्यकीय सल्लागार, ज्यानं त्या जवानाला कधी पाहिलंही नाही, तो टक्के खाली आणू शकत असे किंवा संबंधच नाही असा शेरा मारू शकत असे. माजी सॅपर मोहिंदर सिंग यांच्या प्रकरणात जानेवारी १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हे थांबवलं. रोग्याला समोर घेऊन तज्ज्ञांनी दिलेलं मत, त्याला न तपासता वरच्या टेबलावरून फिरवता येणार नाही. न्यायालयाला हे सांगावं लागलं, यावरूनच ती रीत किती रुळली होती ते कळतं.

नकारानंतरची पायरी म्हणजे सहा महिन्यांत पहिलं अपील, लष्कराच्या मुख्यालयातल्या समितीकडे. तिनंही नाही म्हटलं की दुसरं अपील, बराच काळ संरक्षणमंत्र्यांच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या अपील समितीकडे. दोन्ही दिल्लीत, दोन्ही कागदावर, आणि दोन्हीही सरकारच्याच. त्यापुढचा रस्ता उच्च न्यायालयात रिट याचिकेचा. खानदेशातल्या माणसाला त्यासाठी आधी मुंबई गाठावी लागे. ऑगस्ट १९८१ मध्ये औरंगाबादला मुंबई उच्च न्यायालयाचं खंडपीठ सुरू झालं आणि पुढे जळगाव-धुळे त्याच्या हद्दीत आले. भडगावहून चाळीसगाव, तिथून कन्नडचा घाट चढला की औरंगाबादची वाट. त्या घाटाचं नाव औट्रम घाट, भिल्ल पलटण उभी करणाऱ्या त्याच औट्रमवरून पडलेलं. पण रिट याचिकेला वकील लागतो, वकिलाला पैसे लागतात आणि तारखांना वर्षं लागतात. ज्याची शेती गिरणा धरणाच्या आवर्तनावर आणि ज्याचं शरीर गोळ्यांवर चाललेलं, त्याला हे झेपायचं कसं?

१९८२ साली न्यायमूर्ती डी. ए. देसाई यांच्या लेखणीतून चार महिन्यांच्या अंतरानं दोन निकाल उतरले. ऑगस्टमध्ये पृथीपाल सिंग बेदी प्रकरणात त्यांनी लिहिलं की कोर्ट मार्शलविरुद्ध देशात एकही अपिलाची जागा नाही, ही उणीव डाचणारी आहे. १७ डिसेंबरला नाकारा प्रकरणात न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूड सरन्यायाधीश असलेल्या घटनापीठानं स्पष्ट केलं की पेन्शन ही मेहरबानी नव्हे, केलेल्या नोकरीचं देणं आहे. देशभरचे पेन्शनर १७ डिसेंबर हा दिवस अजून पाळतात. १८७१ च्या कायद्यामागचा विचार या निकालानं मोडीत निघाला. फौजी माणसासाठी वेगळं न्यायाधिकरण मात्र लगेच आलं नाही. विधी आयोगानं १९९९ च्या १६९ व्या अहवालात त्याची शिफारस केली आणि संसदेनं २००७ च्या अखेरीस कायदा केला.

त्या कायद्यावर डिसेंबर २००७ मध्ये सही झाली ती प्रतिभाताई पाटील यांची, आणि ८ ऑगस्ट २००९ रोजी न्यायाधिकरणाचं उद्घाटनही त्यांच्याच हस्ते झालं. जळगाव जिल्ह्यात जन्मलेल्या, जळगाव आणि एदलाबादमधून आमदार झालेल्या प्रतिभाताई तेव्हा राष्ट्रपती होत्या, म्हणजे घटनेनुसार तिन्ही दलांच्या सरसेनापती. निवृत्त न्यायाधीश आणि निवृत्त वरिष्ठ लष्करी अधिकारी यांचं मिळून हे खंडपीठ बसतं. मुंबई खंडपीठाकडे महाराष्ट्र, गुजरात आणि गोवा आले. कजगावला गाडीत बसलेला माजी जवान आता तिथं जाऊ शकत होता.

कसोटीचा निकाल २ जुलै २०१३ चा. धरमवीर सिंग १९८५ मध्ये सिग्नल कोअरमध्ये भरती झाले. सुमारे नऊ वर्षांच्या नोकरीनंतर फेफऱ्याच्या आजारामुळे १९९४ मध्ये त्यांना ‘बोर्ड आउट’ केलं गेलं. अपंगत्व २० टक्के, पण सेवेशी संबंध नाही असा शेरा. उच्च न्यायालयात एका न्यायमूर्तींनी पेन्शन दिलं, खंडपीठानं ते काढून घेतलं. सर्वोच्च न्यायालयानं १९८२ चे नियम ओळीनं वाचले आणि विचारलं, भरतीच्या वेळी या आजाराची नोंद कुठे आहे? नसेल तर तो नोकरीतच झाला असं धरलं पाहिजे, आणि तसं नाही म्हणायचं तर बोर्डानं कारणं लिहिली पाहिजेत. नियम तीस वर्षं तेच होते. न्यायालयानं ते फक्त अमलात आणायला सांगितलं.

पुढच्या वर्षी सुखविंदर सिंग प्रकरणात हीच रेघ आणखी ठळक झाली. डिसेंबर २०१४ मध्ये राम अवतार प्रकरणात टक्केवारी वर नेण्याचा नियम, म्हणजे ५० च्या आतलं अपंगत्व ५० धरायचं, ५० ते ७५ ला ७५ आणि त्यावर १००, हा मुदत संपून निवृत्त झालेल्यांनाही लागू झाला. सरकारची त्या विषयावरची शेकडो अपिलं एका झटक्यात फेटाळली गेली. त्यातून एक लाजिरवाणं चित्र पुढे आलं. जवान न्यायाधिकरणात जिंकायचा आणि सरकार त्याच्यामागे दिल्लीपर्यंत जायचं. २०१५ मध्ये संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांनी नेमलेल्या तज्ज्ञ समितीनं अपंग सैनिकांविरुद्धची अशी अपिलं मागे घ्यावीत असं सांगितलं. त्यानंतरही अपिलांचा ओघ आटला नाही.

सगळे निकाल जवानाच्या बाजूचे नाहीत. २००९ च्या दामोदरन प्रकरणात मानसिक आजाराबाबत मेडिकल बोर्डाचं मत अंतिम मानलं गेलं, २०११ च्या जुझार सिंग प्रकरणात रजेवरच्या अपघाताचा सेवेशी संबंध नाकारला गेला. सवलतीचा गैरफायदा घेतला जातो, ही तक्रारही पोकळ नाही. नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या अहवालात दिसलं की अपंगत्व पेन्शनवर निवृत्त होणाऱ्या अधिकाऱ्यांचं प्रमाण जवानांपेक्षा बरंच जास्त आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये सरकारनं नवे, अधिक कडक नियम आणले. माजी सैनिक संघटनांचा आक्षेप असा की चाळणी लावायची ती वरच्या पट्टीत फायदा लाटणाऱ्यांना लावा, वीस टक्क्यांवर घरी बसवलेल्या शिपायाला का?

त्या शिपायाचा ताजा दाखला बिजेंदर सिंग यांचा. १९८५ ची भरती, सियाचीनला नेमणूक, तिथंच झटके सुरू झाले, १९८९ मध्ये घरी. सर्वोच्च न्यायालयानं त्यांना पेन्शन दिलं २२ एप्रिल २०२५ रोजी. मधली छत्तीस वर्षं ‘शंकेचा फायदा’ देणारे नियम कागदावर होतेच. या सगळ्या इतिहासाचा निवाडा करायचा तर तो असा: नियम उदार होते, टेबलं कंजूष होती, आणि अपिलाची जागा उभी राहिली तेव्हाच नियमांना अर्थ आला.

भडगाव, पाचोरा, चाळीसगावच्या ज्या घरांत असा जुना नकार पडून आहे, त्यांनी तो रद्दी समजू नये. पेन्शन दर महिन्याचं देणं असल्यानं उशिरा केलेला दावाही ऐकला जाऊ शकतो, मात्र थकबाकी साधारण मागच्या तीन वर्षांचीच मिळते, असं सर्वोच्च न्यायालयानं २००८ मध्ये तरसेम सिंग प्रकरणात ठरवलं आहे. डिस्चार्ज बुक, मेडिकल बोर्डाच्या कार्यवाहीची प्रत आणि नकाराचं पत्र एवढं घेऊन जळगावच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जावं. बोर्डाची प्रत घरात नसेल तर रेकॉर्ड ऑफिसकडे माहिती अधिकारात मागावी, आणि ती हाती येताच पहिल्यांदा हे पाहावं की ‘संबंध नाही’ या शेऱ्याखाली बोर्डानं कारण लिहिलं आहे की नाही.