भांडखोर उंदीर आणि एक चिमटा

‘हा मुलगा मुळातच भांडखोर आहे,’ असे वाक्य शिक्षकांच्या खोलीत आपण सर्वांनीच कधी ना कधी ऐकलेले असते. त्यातला ‘मुळातच’ हा शब्द उंदरांवर कसा तपासला गेला, ते पाहण्यासारखे आहे.

सख्ख्या भावाबहिणींचा संकर सलग २० पिढ्या केला, की त्या वाणातले सगळे उंदीर आनुवंशिकदृष्ट्या जवळजवळ एकसारखे होतात. अशा वाणांच्या झुंजींचे दोन अभ्यास १९४२ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाले. एक जॅक्सन प्रयोगशाळेत काम करणाऱ्या जॉन पॉल स्कॉट यांचा, दुसरा शिकागो विद्यापीठातील बेन्सन गिन्सबर्ग व वॉर्डर ॲली यांचा. वाणावाणांत फरक असतो, हे दोघांनाही दिसले. पण कोणता वाण अधिक भांडखोर, याची उत्तरे मात्र जुळेनात!

असे का व्हावे? पुढे शोध घेतल्यावर एक क्षुल्लक वाटणारी गोष्ट ध्यानात आली. स्कॉट उंदरांना छोट्या डब्यात बसवून झुंजीच्या जागी नेत. शिकागोत त्यांना चिमट्याने उचलले जाई. हाताळणीचा परिणाम झुंजण्यावर होत होता. शिवाय वारंवार हरलेला उंदीर झुंज टाळू लागतो, असेही शिकागोत आढळले होते.

मग आनुवंशिकता खोटी काय? तसेही नाही. फिनलंडमधील तुर्कू येथे किर्स्ती लागरस्पेत्झ यांनी भांडखोर आणि शांत उंदरांचे वंश निवडीने वेगवेगळे वाढवले. त्यांचे संशोधन १९६४ मध्ये प्रसिद्ध झाले. काही पिढ्यांतच दोन्ही वंशांतला फरक ठळक झाला. परंतु भांडखोर वंशातले उंदीरसुद्धा पराभवांनंतर नरमले. म्हणजे जनुके कल देतात. तो प्रकट कसा होईल, हे अनुभवावरही ठरते.

१९८६ मध्ये स्पेनमधील सेव्हिल येथे २० अभ्यासकांनी एक निवेदन तयार केले. युद्ध किंवा हिंसक वर्तन माणसाच्या जनुकांतच ठरलेले असते, असे म्हणणे शास्त्रीयदृष्ट्या चूक आहे, असे त्यात म्हटले होते. सह्या करणाऱ्यांत भारतातून आशिष नंदी होते. तसेच १९४२ साली ज्यांची उत्तरे जुळली नव्हती, ते स्कॉट आणि गिन्सबर्गही होते.

उंदरावरून थेट मुलांवर उडी मारणे बरोबर नाही. पण ‘मुळातच’ म्हणण्यापूर्वी एक प्रश्न आपण स्वतःला विचारू शकतो: या मुलाला वर्गात कोणी डब्यातून आणले, की चिमट्याने?