काडीचं माप आणि बाटा चौक

दिल्लीहून फरीदाबादला जाणाऱ्या मेट्रोवर ‘बाटा चौक’ नावाचं स्टेशन लागतं. बदरपूरच्या पुढचा हा मार्ग सप्टेंबर २०१५ मध्ये सुरू झाला. स्टेशनासाठी वेगळं नाव शोधावं लागलं नाही, कारण बुटांच्या कारखान्यामुळे चौकाला ते केव्हाच पडलं होतं.

जुनं फरीदाबाद जहांगीराच्या काळातलं. शेख फरीद यांनी ते १६०७ मध्ये वसवलं. आजचं कारखान्यांचं शहर मात्र फाळणीतून उभं राहिलं. बन्नू, डेरा इस्माईल खान, कोहाट, पेशावर अशा सरहद्दीकडच्या मुलखातून उठून आलेल्या निर्वासितांसाठी १९४९ पासून इथे नवी वस्ती बांधायला घेतली. ‘न्यू इंडस्ट्रियल टाउनशिप’, म्हणजे लोकांच्या तोंडची एनआयटी, ती हीच. विकास मंडळाचे अध्यक्ष राजेंद्रप्रसाद होते, प्रशासक सुधीर घोष. कमलादेवी चट्टोपाध्याय यांची इंडियन को-ऑपरेटिव्ह युनियन आणि तिचे तरुण कार्यकर्ते लक्ष्मीचंद जैन वस्तीतच काम करत होते. बाहेरून ठेकेदार आणण्याऐवजी निर्वासितांच्या सहकारी संस्थांनी घरं बांधावीत, हा त्यांचा आग्रह होता. ज्यांनी आयुष्यभर दुकानदारी केली होती, त्यांनीही डोक्यावर विटा वाहिल्या.

घरं झाली, तरी रोजगार हवाच होता. तो देणाऱ्या सुरुवातीच्या मोठ्या कारखान्यांत बाटा होता. १८९४ मध्ये युरोपातल्या झ्लिन गावात सुरू झालेली ही कंपनी १९३१ मध्ये कोलकात्याजवळ कोन्नगरला आली, पुढे तिने हुगळीकाठी बाटानगर वसवलं आणि १९५०च्या दशकात ती फरीदाबादेत पोचली. १९६६ मध्ये लखानी कुटुंबाने इथेच चपला-बुटांचा धंदा मांडला. ट्रॅक्टर आणि यंत्रांच्या या शहरात रबर आणि कॅनव्हासचाही संसार थाटला गेला.

कॅनव्हासचा बूट होतो कसा? कापडाचा शिवलेला वरचा भाग अॅल्युमिनियमच्या फर्म्यावर ताणून बसवतात. फर्मा म्हणजे पायाच्या आकाराचा ठोकळा. खाली रबराचा तळ चिकटवतात, कडेने रबराची पट्टी फिरवून रूळाने दाबतात आणि फर्म्यांसकट बूट बंद भट्टीत सरकवतात. रबरात गंधक आधीच मिसळलेलं असतं. सव्वाशे अंशांच्या आसपास तासभर तापलं की चिकट रबर कणखर, लवचीक होतं आणि कापडाशी एकजीव होतं. बूट थंड झाला की फर्मा काढून घेतात, पण त्याचा आकार बुटात कायमचा राहतो. गावातला चांभार पाय बघून चप्पल बेतायचा. कारखान्यात आधी फर्मा ठरतो आणि त्यात मावेल तो पाय गिऱ्हाईक होतो.

बाटाने शाळकरी मुलांच्या कवायतीसाठी १९३६ मध्ये भारतात ‘टेनिस’ हा पांढरा कॅनव्हासचा बूट काढला. महाराष्ट्रातल्या कित्येक पिढ्यांनी तो पीटीच्या तासाला घातला, रविवारी धुऊन वाळवला, सोमवारी सकाळी त्याचे डाग खडूने झाकले. तालुक्याला निघालेले वडील मुलाच्या पायाच्या लांबीची खराट्याची काडी मोडून खिशात ठेवायचे. दुकानात ती काडी बुटात घालून बघायची आणि वर एक नंबर मोठा घ्यायचा, कारण पोराचा पाय वाढता. पुढच्या पोकळीत कापूस कोंबला की वर्ष निघायचं. ज्या घरात वर्षाला एकच जोड यायचा, तिथे हा हिशेब शहाणपणाचाच होता. धावताना मात्र पाय आत सरकायचा आणि टाचेला फोड यायचे.

काडीने फक्त लांबी कळते, आणि बुटाच्या नंबराचंही तेच. आपण वापरतो तो इंग्रजी नंबर जवाच्या दाण्यावरून आला: तीन दाणे म्हणजे एक इंच, एका दाण्याला एक नंबर. आपल्याकडेही आठ यवांचा एक अंगुळ मोजत. एका नंबराने बूट साधारण साडेआठ मिलिमीटर लांब होतो. चवडा किती रुंद, पायाची पाठ किती उंच, हे त्या आकड्यात कुठेच नसतं. अमेरिकेत चार्ल्स ब्रॅनॉक यांनी १९२०च्या दशकात लांबी, रुंदी आणि टाचेपासून चवड्यापर्यंतचं अंतर एकाच वेळी मोजणारं उपकरण केलं. आपल्या बहुतेक दुकानांत मात्र सरकती पट्टी लावलेली लाकडी फळीच राहिली.

न बसणाऱ्या बुटाची गोष्ट ऑलिंपिकच्या इतिहासातही आहे. १९६० मध्ये रोमला इथिओपियाच्या अबेबे बिकिलाला मिळालेले बूट नीट बसेनात. तो सरावासारखाच अनवाणी धावला आणि मॅरेथॉन जिंकला.

आदिदास भारतात १९८९ मध्ये आली तीही बाटाला परवाना देऊन. फोमच्या जाड तळाचा धावायचा बूट हळूहळू मध्यमवर्गाच्या आवाक्यात आला. फर्मे मात्र परदेशी पायांवरूनच घेतलेले होते. भारतीय पायांची देशव्यापी मोजणी चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात केली. ७९ ठिकाणी एक लाखाहून अधिक लोकांचे पाय त्रिमितीय स्कॅनरखाली ठेवले गेले. भारतीय पाय युरोपीय पायापेक्षा सरसकट रुंद निघाला. बूट अरुंद लागला की आपण लांबीने मोठा घेत आलो, आणि मग तो टाचेला सैल पडला. या मोजणीवरून ‘भा’ नावाची भारतीय मापपद्धती सुचवण्यात आली.

नवं माप दुकानात रुळेपर्यंत काडीच्या जागी कागद चालतो. दिवसभराच्या वावराने पाय थोडा फुगतो, म्हणून संध्याकाळी, धावताना घालायचे मोजे चढवून, कागदावर उभं राहायचं. दुसऱ्या कुणाला तरी पेन्सिल उभी धरून दोन्ही पायांभोवती रेघ ओढायला सांगायचं. दोन्हीपैकी मोठा पाय धरायचा. दुकानात बुटाचा आतला सुटा तळवा काढून त्या आकृतीवर ठेवायचा. चवड्याची रेघ तळव्याच्या बाहेर गेली, तर तो बूट खोक्यात परत. रेघ आत राहिली, तर बूट घालून उभं राहायचं आणि सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याएवढी जागा उरते का ते चाचपायचं. मग दुकानाच्या दारापर्यंत धावत जाऊन परत यायचं, आणि टाच उचलतेय का, तेवढं बघायचं.