नाताळचें गाणें आणि मराठी चाल

तरुणपणीं मी पवनीस शिक्षक असतांना एक ख्रिस्ती सहकारी मला दरवर्षीं नाताळास घरीं बोलावीत. तेथें परकीं गाणीं ऐकावीं लागतील, या समजुतीनें मी दोन वर्षें टाळाटाळ केली. तिसऱ्या वर्षीं गेलों, तों ओसरीवर टाळ-मृदंग वाजत होते आणि अभंग चालला होता! वैनगंगेच्या कांठीं एकादशीस जी चाल मी ऐकत आलों, तीच ती. तेव्हांपासून एक प्रश्न मनांत आहे : परकें असतें तें गाणें, कीं त्याची चाल?

पश्चिमेकडील एक दाखला पाहूं. बेथलेहेम गांवास उद्देशून फिलिप्स ब्रुक्स यांनीं १८६८ सालीं फिलाडेल्फियांत एक गीत रचिलें. त्यांच्याच चर्चमधील ऑर्गनवादक लुईस रेडनर यांनीं त्यास चाल दिली. अमेरिकेंत तीच रूढ झाली. इंग्लंडांत मात्र १९०६ सालीं राल्फ व्हॉन विल्यम्स यांनीं तें गीत सरे परगण्यांत ऐकिलेल्या एका लोकगीताच्या चालीवर बसविलें, आणि इंग्रजांनीं तें आपलें मानिलें.

आपल्याकडे हें काम पुष्कळ आधीं झालें. १५७९ सालीं गोव्यास आलेले इंग्रज जेझुइट थॉमस स्टीफन्स यांचें ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ सालीं राचोल येथें छापिलें गेलें. लिपि रोमन, परंतु भाषा मराठी आणि छंद ओवीचा. सुमारें ११,००० ओव्यांच्या त्या ग्रंथांत ख्रिस्तजन्माची कथा आहे. ज्ञानेश्वरीचा छंद तोच तिचा छंद.

पुढें रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनीं १८९५ सालीं बाप्तिस्मा घेतला. विलायती चालींवर मराठी शब्द बसवितांना ऱ्हस्वदीर्घांची ओढाताण होते, हें त्यांच्यासारख्या कवीच्या कानास खुपल्यावांचून कसें राहील? त्यांनीं अभंग रचिले, भजनें रचिलीं. ‘उपासना-संगीत’ या संग्रहांतून तीं आजही मराठी चर्चमध्यें गाइलीं जातात.

विलायती चाल टाकाऊ, असें माझें म्हणणें नाहीं. ऑस्ट्रियांतील ओबर्नडॉर्फ येथें १८१८ च्या नाताळास गिटारवर प्रथम गाइलेलें शांत रात्रीचें गीत मराठी चर्चमध्यें मूळच्याच चालींत गोड वाटतें. परंतु परक्या घराची पायरी चढावयास मला धीर दिला, तो ओळखीच्या टाळांनीं. ते सहकारी आतां नाहींत. पहिलीं दोन निमंत्रणें मीं नाकारिलीं, याची चुटपुट मात्र दर नाताळास लागते.