तात्यांची पेन्शन आणि दादाची एक्सेल शीट

दरवर्षी नोव्हेंबर आला की आमच्या घरी एक काम ठरलेलं असतं, आजीचा हयातीचा दाखला. माणूस जिवंत आहे हे सरकारला वर्षातून एकदा पटवून द्यावं लागतं. यंदा ती जबाबदारी माझ्याकडे आली, म्हणून विकांताला पुण्याहून कोरेगाव तालुक्यातल्या गावी गेलो. आजीच्या बोटांवरच्या रेषा इतक्या झिजल्यात की मशीन ठसा घेईना. चौथ्या-पाचव्या प्रयत्नात एकदाचं जमलं आणि आजी सरकारदरबारी आणखी एक वर्ष जिवंत झाली :)

आमचे आजोबा, तात्या, सातारा पोलिसात हवालदार होते. १९९१ ला रिटायर झाले, २००९ ला गेले. तेव्हापासून आजीला कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं. रक्कम फार मोठी नाही, पण त्या पैशांवर आजी कुणापुढे हात पसरत नाही.

त्याच दिवशी आतेभाऊ सांगलीहून आला होता. तोही पोलिसात, २०११ च्या भरतीतला. जेवण झाल्यावर म्हणाला, "तू कॉम्प्युटरवाला ना? मग एक एक्सेल करून दे. एनपीएसमध्येच राहू का ती नवी युनिफाइड घेऊ? कागद वाचून डोकं फिरलंय बघ."

शीट अर्ध्या तासात झाली. पण एकाच घरातल्या, एकाच खात्यातल्या दोन माणसांचं म्हातारपण इतकं वेगळं का, हे शोधण्यात अख्खा रविवार गेला. जे सापडलं ते इथे मांडतोय.

सुरुवात बरीच मागून करावी लागते. अफजलखानाच्या लढाईनंतर शिवाजी महाराजांनी काय केलं, याचं वर्णन सभासदाच्या बखरीत आहे. पडलेल्यांच्या मुलांना पुढे चालवलं आणि ज्यांना मुलगा नव्हता त्यांच्या बायकांना निम्मं वेतन लावून दिलं. म्हणजे कुटुंब निवृत्तिवेतन ही कल्पना आपल्याकडे साडेतीनशे वर्षं जुनी आहे. पुढे पेशवाईत यासाठी 'बालपरवेशी' असा शब्दच रूढ झाला. मात्र हे सगळं धन्याच्या मर्जीवर होतं.

इंग्रजांनी १८६१ च्या कायद्याने पोलीस खातं बांधलं आणि मग १८७१ चा पेन्शन कायदा आणला. त्यात एक गंमत आहे. पेन्शनबद्दल तक्रार असेल तर थेट दिवाणी कोर्टात दावा लावता येत नाही, आधी कलेक्टरचं प्रमाणपत्र हवं. थोडक्यात, पेन्शन म्हणजे सरकारची मेहरबानी, आणि मेहरबानीवर कसला आलाय दावा!

ही समजूत मोडायला शंभर वर्षं लागली. १९७१ मध्ये देवकीनंदन प्रसाद खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की पेन्शन ही बक्षिसी नाही, तो कर्मचाऱ्याचा हक्क आहे. मग १७ डिसेंबर १९८२ ला नकारा खटल्याचा निकाल आला. अमुक तारखेच्या आधी रिटायर झालेल्यांना कमी आणि नंतरच्यांना जास्त, असा भेद कोर्टाने नाकारला. तेव्हा सरन्यायाधीश होते यशवंतराव चंद्रचूड. १७ डिसेंबर आजही पेन्शनर दिन म्हणून पाळतात.

१९८२ हे साल आपल्या विषयासाठी महत्त्वाचंच. महाराष्ट्राचे पेन्शन नियम त्याच वर्षीचे, तात्यांची पेन्शन ठरली ती याच नियमांनी. आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबईत पोलिसांचं बंड झालं. सरकारने ते मोडून काढलं, पुढारी बडतर्फ झाले आणि पोलिसांची संघटना संपली. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता २००५ कडे येऊ. त्या पावसाळ्यात कृष्णेला पूर आला आणि सांगलीत पाणी शिरलं. पोलीस आणि अग्निशमनवाले दिवसरात्र त्या पाण्यात होते. त्याच वर्षी ३१ ऑक्टोबरला राज्य सरकारने जीआर काढला. १ नोव्हेंबर २००५ पासून लागणाऱ्याला जुनी पेन्शन नाही, त्याऐवजी अंशदायी योजना. पगाराचे १० टक्के कर्मचाऱ्याचे, तेवढेच सरकारचे. केंद्राने हे १ जानेवारी २००४ पासूनच केलं होतं, फक्त सैन्यदलं वगळून. म्हणजे आमच्या गावातला एक पोरगा फौजेत गेला आणि दुसरा पोलिसात, तर दोघांचं म्हातारपण निराळं. (२०२२ च्या अग्निवीर योजनेने फौजेतल्या नव्या पोरांचंही गणित बदललं. चार वर्षांनी घरी येणाऱ्यांना पेन्शनच नाही. पण तो वेगळा विषय.)

सरकारची बाजूही समजून घ्यायला हवी. जुन्या पेन्शनसाठी कुठे वेगळा निधी साठवलेला नसतो, आजच्या करातून कालच्या कर्मचाऱ्याला पैसे जातात. माणसं जास्त जगतात, वेतन आयोग येतात, आकडा फुगत जातो. आणि आपण आयटीवाले लगेच म्हणतो, आम्हाला कोण देतं पेन्शन? खरंय. आपल्या ईपीएसमध्ये पगाराची मर्यादा १५,००० धरतात. त्यामुळे ३५ वर्षं नोकरी केली तरी महिना साडेसात हजारांच्या आसपास मिळतात.

पैसे खरोखर संपले तर काय होतं, हे अमेरिकेतल्या डेट्रॉइटने दाखवलं. २०१३ मध्ये शहराने दिवाळखोरी जाहीर केली. तोडगा निघाला त्यात शहराच्या इतर कर्मचाऱ्यांची पेन्शन साडेचार टक्के कापली गेली. पोलीस आणि अग्निशमनवाल्यांची मूळ पेन्शन वाचली, पण महागाईपोटीची वाढ निम्म्याहून कमी झाली.

आपल्याकडे मात्र सुधारणा करताना एक मोठी चूक झाली असं मला वाटतं. नव्या योजनेत सुरुवातीला कुटुंब निवृत्तिवेतनच नव्हतं! पोलीस शिपाई नोकरीत गेला तर त्याच्या बायकोच्या हाती जमा झालेली रक्कम येणार, बस्स. नव्याने लागलेल्याची रक्कम ती किती असणार? २०१८ मध्ये दहा लाखांच्या सानुग्रह अनुदानाची मलमपट्टी झाली. कुटुंब निवृत्तिवेतन आणि ग्रॅच्युइटी यायला मार्च २०२३ उजाडलं. बखरीतली 'निम्मं वेतन' ही तरतूद परत यायला साडेसतरा वर्षं गेली.

तेही आपोआप आलं नाही. १४ मार्च २०२३ पासून सात दिवस राज्य कर्मचाऱ्यांचा संप झाला, 'एकच मिशन, जुनी पेन्शन'. पोलिसांना संप करता येत नाही आणि संघटनाही नाही. दादाचीही पेन्शन हीच, पण तो त्या मोर्च्याच्या बंदोबस्ताला उभा होता. म्हणतो, "घोषणा माझ्याच होत्या, काठीपण माझ्याच हातात!"

संपानंतर गोष्टी हलल्या. फेब्रुवारी २०२४ च्या जीआरने, ज्यांच्या भरतीची जाहिरात १ नोव्हेंबर २००५ च्या आधीची होती त्यांना जुन्या पेन्शनचा पर्याय मिळाला. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने युनिफाइड पेन्शन योजना मंजूर केली, दुसऱ्याच दिवशी राज्याने ती स्वीकारली. २५ वर्षं सेवा झाली की शेवटच्या १२ महिन्यांच्या सरासरी मूळ पगाराच्या निम्मी पेन्शन, वर महागाई वाढ. कर्मचाऱ्याने १० टक्के भरायचेच.

आता दादाची शीट. समजा एनपीएसमध्ये एक कोटी जमले. ६० लाख हातात घेता येतात, ४० लाखांची ॲन्युइटी. सहा टक्क्यांनी महिना २०,००० झाले. ते ६० लाखही त्याच दराने गुंतवले तर आणखी ३०,०००. दुसरीकडे मूळ पगार ८०,००० असेल तर युनिफाइडमध्ये ४०,००० अधिक महागाई भत्ता. पहिल्या दिवशी एनपीएस पुढे दिसते आणि त्यातली मुद्दल पोरांना राहते. पण महागाईपोटी वर्षाला पाच टक्के जरी वाढ मिळाली तरी १५ वर्षांत ४०,००० चे ८०,००० च्या वर जातात, ॲन्युइटी मात्र तिथेच. शिवाय तो एक कोटीचा आकडा बाजाराच्या हातात.

अग्निशमनवाल्यांचं दुखणं आणखी वेगळं. ते राज्याचे नोकर नाहीत, महापालिकेचे किंवा नगरपालिकेचे. सांगलीत महापालिका, साताऱ्यात नगरपालिका. पाणी आणि आग दोन्हीकडे सारखीच, पण म्हातारपण त्या त्या पालिकेच्या कारभाराशी बांधलेलं. आणि गावचा पोलीस पाटील? त्याला मानधन आहे, पेन्शन नाही.

माझं मत विचाराल तर कर्मचाऱ्याने हिस्सा भरावा, यात अन्याय नाही. पण बाजाराची जोखीम अशा माणसावर टाकू नये ज्याला भांडायचीही परवानगी नाही. आणि सरकारने हमी दिली तर आपला हिस्सा दर महिन्याला खरोखर बाजूला ठेवावा. नाहीतर बिल आज शाळेत असलेल्या पोरांच्या नावावर फाटणार.

दादाला मी युनिफाइड सुचवली. तो म्हणाला, वहिनीला विचारून सांगतो. आजी इतका वेळ ऐकत होती. तिने विचारलं, "ह्याला तात्यांसारखी मिळंल का रं?"

मी म्हटलं, "जवळपास तेवढी. पण पगारातनं पैसे भरावे लागतात."

"भरंल की. पर मिळंल ना नक्की? आन् ह्याच्या माघारी सूनबाईला?"

माझ्या शीटमध्ये त्या दुसऱ्या प्रश्नाचा कॉलमच नव्हता. तो घालून दादाला परत पाठवली.