प्रवासासाठी खिशातला कॅमेरा : निवडताना काय पाहावे?

मे २००० मध्ये कॅननने ‘डिजिटल इक्सस’ हा कॅमेरा जाहीर केला, तेव्हा पत्त्यांच्या जोडाएवढ्या धातूच्या डबीत दोन मेगापिक्सेलचा सेन्सर आणि ऑप्टिकल झूम दोन्ही मावतात, याचेच अप्रूप वाटले होते. दोन वर्षांनी आलेल्या कॅसिओच्या ‘एक्झिलिम ईएक्स-एस१’ची जाडी तर अवघी ११.३ मिलिमीटर होती. पुढे मोबाइल फोनने ही बाजारपेठ गिळली आणि २०१८ मध्ये कॅसिओ या व्यवसायातून बाहेर पडली. तरीही छोट्या कॅमेऱ्याची हौस संपली नाही. २०१६ मधले ‘इक्सस २८५ एचएस’ हे मॉडेल कॅननने किरकोळ बदल करून २०२५ मध्ये पुन्हा बाजारात आणले.

रोजच्या प्रवासात बाळगण्यासाठी असा कॅमेरा घेताना पहिला प्रश्न एकच : खिशातला फोन जे देत नाही, ते हा कॅमेरा देणार आहे का? या प्रश्नाचे उत्तर खोक्यावर ठळक छापलेल्या मेगापिक्सेलच्या आकड्यात नसते. ते असते सेन्सरच्या आकारात. स्वस्त छोट्या कॅमेऱ्यांत बहुधा १/२.३ इंची सेन्सर असतो. त्याचे क्षेत्रफळ जेमतेम २८ चौरस मिलिमीटर. आज अनेक मध्यम किमतीच्या फोनांतील मुख्य सेन्सरही याहून मोठा असतो, शिवाय फोन एकामागून एक टिपलेल्या चित्रांचे मिश्रण करून अंधारातील चित्र सुधारतो. म्हणजे संध्याकाळच्या फलाटावर असा कॅमेरा फोनपुढे फिकाच पडणार. त्याची बाजू दोन गोष्टींत वरचढ ठरते : खरा झूम आणि झेनॉन फ्लॅश. डिजिटल झूम हा केवळ चित्र कापून मोठे करण्याचा प्रकार आहे. त्यासाठी पैसे मोजू नयेत.

‘एक इंची’ सेन्सरपासून मात्र चित्र पालटते. (हे नाव फसवे आहे. त्याचा कर्ण सुमारे १६ मिलिमीटरच असतो. मोजमापाची ही पद्धत जुन्या टीव्ही कॅमेऱ्यांतील काचनळीच्या बाहेरील व्यासावरून आली.) त्याचे क्षेत्रफळ ११६ चौरस मिलिमीटर, म्हणजे वरच्याच्या चौपट. सोनीने २०१२ मध्ये आणलेला ‘आरएक्स १००’ अशा सेन्सरसह २४० ग्रॅममध्ये बसवलेला होता. त्याच्या भिंगाचे छिद्र ‘एफ १.८’ असे दिमाखात लिहिलेले असले, तरी झूम पूर्ण ताणल्यावर ते ‘एफ ४.९’ होते आणि प्रकाश जवळपास सातवा हिस्सा उरतो. झूम असलेल्या कोणत्याही कॅमेऱ्याचे हे दोन्ही आकडे वाचावेत. विक्रेता पहिलाच सांगतो.

झूमचा मोह सोडण्याची तयारी असेल, तर रिकोची ‘जीआर’ मालिका पाहण्याजोगी आहे. २०१९ च्या ‘जीआर ३’ मध्ये मोठ्या एसएलआर कॅमेऱ्यांत असतो तेवढा एपीएस-सी सेन्सर आहे आणि बॅटरीसह वजन २५७ ग्रॅम. किंमत अर्थातच चढी. त्यात फ्लॅश नाही आणि एका चार्जमध्ये सुमारे २०० छायाचित्रेच निघतात, त्यामुळे जादा बॅटरी अपरिहार्य ठरते. विमानप्रवासात ती जादा बॅटरी हातातल्या सामानातच ठेवावी लागते.

खिशाचाही विचार करायला हवा. माहितीपत्रकातील लांबी-रुंदीपेक्षा जाडी महत्त्वाची, कारण पुढे आलेल्या भिंगामुळेच कॅमेरा खिशात अडतो. दुकानात तो एका हाताने खिशातून काढून, सुरू करून, चित्र टिपून पाहावा. गर्दीच्या लोकलमध्ये दुसरा हात मोकळा नसतो! मनगटाचा पट्टा अडकवण्याची सोय आहे का, तेही पाहावे.

आत-बाहेर होणाऱ्या भिंगाचे धूळ आणि पाणी हे दोन शत्रू. कोकणात किंवा घाटात भर पावसाळ्यात सतत फिरणाऱ्यांनी २०२३ मधल्या ओएम सिस्टिमच्या ‘टीजी-७’सारखा, १५ मीटर खोल पाण्यात चालणारा कॅमेरा घ्यावा, सेन्सर छोटा असला तरी तो भिजून बंद पडणार नाही. इतरांनी पावसाळ्याच्या दिवसांत कॅमेरा हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावा. दमट कपाटात भिंगावर बुरशी धरते आणि ती काढण्याचा खर्च कधी कधी कॅमेऱ्याच्या किमतीपर्यंत जातो.

जुन्या सीसीडी सेन्सरच्या कॅमेऱ्यांचे सध्या तरुणांना आकर्षण आहे. ते वापरलेलेच मिळतात, म्हणून खरेदीपूर्वी भिंगातून टॉर्चचा प्रकाश सोडून बुरशीचे जाळे दिसते का ते पाहावे, झूम टोकापर्यंत चालवावा, फ्लॅश उडवून बघावा. मेमरी कार्ड कोणते लागते, हेही विचारावे. एक्सडी कार्डे आता सहज मिळत नाहीत आणि २००६ पूर्वीच्या बहुतेक कॅमेऱ्यांत दोन जीबीपेक्षा मोठे एसडी कार्ड चालत नाही.