जुनं विमान घेताय? आधी सांधे बघा

विमानतळ आता आपल्या जिल्ह्यात, उलव्याला आलाय. उद्या कुणी हौशी माणूस जुनं छोटं विमानही विकत घेईल. त्याने इंजिनाआधी लाकूड बघावं.

जेआरडी टाटांनी १९३२ची कराची-मुंबई टपालफेरी १९८२ साली, वयाच्या ७८व्या वर्षी, पुन्हा उडवली ती लेपर्ड मॉथमधून. विमान १९३०च्या दशकातलं, सांगाडा प्लायवूडचा. त्या काळी लाकडाचे सांधे दुधातल्या केसीनच्या सरसाने जोडत. ओल लागली की तो सरस कुजतो, वरून रंग मात्र चकचकीत! १९४४च्या अखेरीस भारतात मॉस्किटो या लाकडी लढाऊ विमानांचे पंख हवेतच तुटले, बाकीची विमानं जमिनीवर ठेवावी लागली. कुणी इथल्या दमट हवेला दोष दिला, कुणी कारखान्यातल्या कच्च्या जोडणीला. गेलेल्या वैमानिकांना त्याचं काय!

म्हणून पंखावरचं कापड थोडं उघडून आतले सांधे बघायचे, टोचायचे, कुबट वास येतो का ते हुंगायचं. विमान कुठे उभं होतं, किती पावसाळे, तेही विचारायचं. आपले कोळी जुनी होडी घेताना रंगाला भुलत नाहीत, फळ्या ठोकून बघतात. मालक कापड उघडू देत नसेल, तर सरळ परत फिरायचं.