जुनी तिजोरी व तिच्यातील दप्तर

मुळशी तालुक्यातील आपल्या ज्ञातीच्या पुष्कळ घरांपुढे आज एक लहानसा वाटणारा प्रश्न उभा आहे. हिंजवडी, पिरंगुट या बाजूंस वस्ती वाढली, जुनी घरे उतरवून नवी बांधली जाऊ लागली. आणि माजघरात पिढ्यानुपिढ्या ठाण मांडून बसलेल्या तिजोरीचे काय करावे, हे घरच्यांस सुचत नाही. कोणी ती भंगारात घालतो, कोणी चार माणसे लावून घाईने ओढतो. म्हणून या वस्तूची हकीकत ज्ञातिबांधवांपुढे ठेवावी, असे आम्हांस वाटले.

लोखंडी तिजोरी आपल्या घरांत फार प्राचीन नाही. पूर्वी रोकड व दागिने भिंतीच्या कोनाड्यात, संदुकीत किंवा पुरलेल्या हंड्यात राहत. इंग्रजी अमलात विलायती तिजोऱ्या आल्या. पुढे अर्देशीर गोदरेज यांनी मुंबईत १८९७ साली कुलपांचा कारखाना काढला व विसाव्या शतकाच्या आरंभी तिजोऱ्याही बनविल्या. पोलादी पत्र्याच्या दोन भिंती व त्यांमध्ये आगीस दाद न देणारा मसाला, अशी तिची घडण असते. चोरास ती उचलता येऊ नये आणि आगीत आतला कागद जळू नये, याचसाठी तिला एवढे वजन दिलेले असते.

आणि कागदाचे मोल या जिल्ह्याने फार जवळून पाहिले आहे. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे शेतकरी सावकारांवर उठले, तेव्हा त्यांचा मुख्य रोख कर्जरोख्यांवर होता. हाती आलेले रोखे त्यांनी जाळून टाकले. या दंग्यांनंतर १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी स्वतंत्र कायदा झाला.

पुढे मुळशीची पाळी आली. मुळा व नीला यांच्या संगमाजवळ टाटा कंपनीने मुंबईच्या विजेसाठी धरण बांधावयास घेतले. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीस, मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. सेनापती बापट व विनायकराव भुस्कुटे त्यांचे पुढारी होते आणि ‘जान किंवा जमीन’ ही त्यांची घोषणा होती. परंतु पुष्कळ जमिनींचे कागद पुण्याच्या सावकारांच्या हाती होते. नांगर मावळ्याचा, दस्त सावकाराचा! सावकार-मालकांपैकी अनेकांनी मोबदला पत्करला आणि कसणाऱ्याची बाजू दुबळी झाली. १९२४ च्या अखेरीस लढा मावळला, धरण पुरे झाले, गावे पाण्याखाली गेली. देव, भांडी, घराची लाकडे माणसांनी उचलून नेली. शेत कोणास उचलता आले नाही. ते कोणाचे होते, याची साक्ष देणारे उरले ते कागदच.

हे ध्यानी घेऊन तिजोरीस हात लावावा. प्रथम वडीलधाऱ्यांच्या व सर्व भाऊबंदांच्या समक्ष ती उघडावी. चोरकप्पे पाहावेत. खरेदीखते, गहाणखते, वाटणीपत्रे यांची यादी करून त्यावर सर्वांच्या सह्या घ्याव्यात. मोडीतील कागद जाणत्याकडून वाचून घ्यावेत, त्यांची छायाचित्रे काढावीत, आणि त्याआधी एकही चिटोरे फेकू नये.

मग रिकाम्या तिजोरीचे दार कुलूपबंद करून किल्ली जबाबदार माणसाने आपल्याजवळ ठेवावी. वाटेतील दारांची रुंदी मोजावी. जुन्या माळ्याचे सर वा जिन्याच्या पायऱ्या हा भार सोसतील किंवा नाही, हे सुताराकडून पाहून घ्यावे. पहारीने एक कड किंचित उचलून खाली फळ्या व त्यांवर रूळ सरकवावेत, पाचरी हाताशी ठेवाव्यात, हुकूम एकानेच द्यावा. उतारावर दोर मागून धरावा. खालच्या बाजूस कोणीही उभे राहू नये. जिना उतरावयाचा असेल, तर या कामात मुरलेले हमाल व चेनकप्पी यांवाचून धाडस करू नये. पोलाद पुन्हा मिळेल. माणसाचा पाय पुन्हा मिळणार नाही.

नव्या घरात तिजोरीस जागा नसेल, तर ती खुशाल विकावी. तिच्यातील दप्तर मात्र नव्या घरात आधी न्यावे, आणि ते कोठे ठेवले आहे हे घरातील लेकीसुनांसही सांगून ठेवावे, एवढीच आमची विनंती आहे.